दोन बटवे : घरच्या मासिक अंदाजपत्रकाचा अभ्यास

शास्त्रवाचन : उत्पत्ती ४१:३३-३६; लूक १४:२८-३०; २ करिंथ ८:१९-२१

पाठाचा हेतू : महिन्याचे घरगुती अंदाजपत्रक कसे सुरू करावे हे समजून घेणे, आणि आपल्या हाती असलेला पैसा कोणाकोणाचा आहे हे ओळखून तो वेगळा ठेवण्याची सवय लावणे.

प्रास्ताविक

पाठाला आरंभ करण्यापूर्वी आमची एक चूक आपल्यापुढे ठेवणे आम्हांला भाग आहे, कारण या पाठाचे मूळ त्या चुकीत आहे.

२०१८ साली इंदूरच्या आमच्या मंडळीतील शब्बाथशाळेचा पैसा आमच्याकडे असे. दर रविवारी मुलांचे अर्पण जमे. उन्हाळ्यात त्यात सुटीतील बायबल शाळेची फी आली. हा सर्व पैसा आम्ही घरी कपाटातील एका पत्र्याच्या डब्यात ठेवीत असू. आमच्या घरखर्चाचे पैसेही त्याच डब्यात असत. जून महिना आला. मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी खजुरी बाजारात जाताना आम्ही डब्यातून काही नोटा घेतल्या. पगार झाला की परत ठेवू, असे मनाशी म्हटले. जुलैत आईला दवाखान्यात न्यावे लागले; पुन्हा डबा उघडला. पगार झाला, तेव्हा काही ठेवले, पण किती काढले होते ते कोठे लिहिले नव्हते. सप्टेंबरअखेर पंचकमिटीने तिमाही हिशेब मागितला. पावतीपुस्तकाप्रमाणे ६,८५० रुपये असावयास हवे होते. डब्यात घरचे आणि शाळेचे मिळून ३,४१० रुपये निघाले.

आमच्या सौ. शेजारी उभ्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, यातले आपले किती आणि लेकरांचे किती?" आम्हांला उत्तर देता आले नाही. त्यांनी आपल्या भिशीचे पैसे आणून ३,४४० रुपयांची तूट भरून काढली. ते पैसे त्यांनी शिवणयंत्राच्या दुरुस्तीसाठी ठेवले होते.

चोरी करण्याचा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता. परंतु योहान १२:६ मध्ये ज्या शिष्याजवळ पैशाची थैली असे, त्याची आठवण होऊन आम्हांला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पाळकसाहेबांकडे गेलो, पैसे त्यांच्यापुढे ठेवले आणि घडले ते सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी इतकेच विचारले, "घरचा हिशेब लिहिता का?" आमच्या भिंतीवर ईश्वरविज्ञानाची पदविका टांगलेली होती. विश्वासू कारभाऱ्याच्या दाखल्यावर आम्ही कितीतरी वेळा उपदेश केला होता. पण घरात हिशेबाची एक वही नव्हती.

त्यानंतर आम्ही जे शिकलो ते या पाठात क्रमाने देत आहोत.

१. अंदाजपत्रक म्हणजे काय?

'बजेट' हा शब्द आता प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्याचे मूळ एका जुन्या फ्रेंच शब्दात असून त्याचा अर्थ कातड्याची लहान थैली असा होता. आपल्या आजीच्या कमरेचा बटवाच म्हणा ना! ब्रिटिश अमलात हिंदुस्थान सरकारचे पहिले अंदाजपत्रक जेम्स विल्सन यांनी १८६० साली मांडले, आणि स्वतंत्र भारताचे पहिले अंदाजपत्रक षण्मुखम् चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ रोजी मांडले. एवढ्या मोठ्या देशाच्या खजिन्यालाही वर्ष सुरू होण्यापूर्वी कागदावर बसून विचार करावा लागतो. मग आपल्या लहानशा बटव्याला तो नको काय?

हिशेब आणि अंदाजपत्रक यांत एक भेद आहे. हिशेब मागे पाहतो, म्हणजे पैसा कोठे गेला ते सांगतो. अंदाजपत्रक पुढे पाहते, म्हणजे पैसा कोठे जाणार ते आधी ठरविते. पहिल्यावाचून दुसरे करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या लोकांत याविषयी तीन गैरसमज आढळतात. पहिला असा की, ज्याच्याजवळ भरपूर आहे त्यानेच अंदाजपत्रक करावे. वास्तविक ज्याच्याजवळ थोडे आहे त्यालाच त्याची अधिक गरज असते, कारण श्रीमंताची चूक सहज पचते, गरिबाची पचत नाही. दुसरा गैरसमज असा की, अंदाजपत्रक म्हणजे चिक्कूपणा. तसे नाही. चिक्कू मनुष्य पैसा सोडीत नाही. अंदाजपत्रक करणारा तो ठरवून सोडतो. तिसरा गैरसमज भाविकांचा आहे. प्रभूने उद्याची चिंता करू नये असे शिकविले असता हिशेब कशाला, असे ते म्हणतात. परंतु त्याच प्रभूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याविषयी सांगताना, त्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असे सुचविले आहे. 'आधी बसून' हे त्यातील महत्त्वाचे आहे. चिंता मनुष्याला रात्री जागवते. हिशेब त्याला संध्याकाळी दहा मिनिटे बसवतो आणि रात्री झोपू देतो.

२. होळकरांची खासगी

कोणता पैसा कोणाचा, या प्रश्नाचे एक चांगले उदाहरण आपल्याच माळव्याच्या इतिहासात आहे. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना काही गावांचे स्वतंत्र उत्पन्न लावून दिले. यास 'खासगी' म्हणत. राज्याचा वसूल, ज्यातून फौज आणि राज्यकारभार चाले, तो 'दौलती'चा. अशा रीतीने एकाच घराण्यात दोन खजिने आणि दोन हिशेब झाले. पुढे ही खासगी गौतमाबाईंच्या सून अहिल्याबाई यांच्याकडे आली.

अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत महेश्वराहून कारभार पाहिला. काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या ठिकाणी त्यांनी मंदिरे, घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या हे सर्वांना ठाऊक आहे. पण हा दानधर्म त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून केला, राज्याच्या वसुलातून नव्हे, हे फारसे सांगितले जात नाही. राज्य त्यांच्या हातात होते, विचारणारा कोणी नव्हता. तरी फौजेचा पैसा फौजेचा आणि आपला तो आपला, ही रेघ राहिली. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ सालच्या ग्रंथात त्यांच्या कारभाराची मनापासून प्रशंसा केली आहे.

आपण आजही 'खासगी' हा शब्द रोज वापरतो. आमच्या पत्र्याच्या डब्यात खासगी आणि सार्वजनिक यांमधली रेघच नव्हती. प्रेषित पौलानेही यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमा केलेला पैसा एकट्याने नेला नाही. सोबतीला मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला, यासाठी की देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही कोणास दोष काढता येऊ नये. म्हणून अंदाजपत्रकाचा पहिला नियम हा : पैशाचा मालक आधी ठरवावा, मग त्याचा खर्च.

३. पहिला महिना : फक्त लिहावे

पुष्कळ जण एक तारखेला मोठ्या उत्साहाने आकडे मांडतात आणि दहा तारखेला वही बंद करतात. याचे कारण असे की, ते आकडे इच्छेचे असतात, अनुभवाचे नसतात. म्हणून पहिल्या महिन्यात काहीही ठरवू नये, काहीही कमी करू नये. फक्त लिहावे.

जुन्या मराठी दुकानदारांकडे 'रोजकीर्द' असे. ज्या दिवशी जे आले-गेले ते त्याच दिवशी तीत चढविले जाई. साध्या शंभर पानी वहीत आपणही तेच करावे. तारीख, कशासाठी, किती आणि कोणी खर्च केले, अशी चार घरे आखावीत. रात्री जेवण झाल्यावर घरातील सर्वांनी आपापला दिवसाचा खर्च सांगावा आणि एकाने लिहावा.

येथे मोबाईलच्या पैशाविषयी विशेष सांगितले पाहिजे. २०१६ पासून यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली आणि आता भाजीच्या गाडीवरही तो चौकोनी कागद चिकटवलेला दिसतो. सोय चांगली आहे, पण हातातून नोट जाताना जी जाणीव होते ती येथे होत नाही. सुदैवाने मोबाईलमध्ये प्रत्येक रकमेची नोंद राहते. ती रोज रात्री पाहून वहीत उतरवावी.

आणखी एक नियम आम्ही घरात केला : लिहिताना कोणी कोणाला रागवायचे नाही. रागावले की पुढच्या दिवशी माणूस खरे सांगत नाही, आणि खोट्या वहीपेक्षा वही नसलेली बरी.

आमच्या पहिल्या महिन्याने आमचे डोळे उघडले. कामावर जाताना आम्ही रोज रस्त्यात पोहे आणि चहा घेत असू. इंदुरी माणसाला हे सांगावयास नको! त्यावर महिन्याला दोन-तीनशे रुपये जात असतील अशी आमची समजूत होती. रोजचे पस्तीस रुपये, सव्वीस दिवस, म्हणजे ९१० रुपये निघाले. वाण्याच्या डायरीतील उधारी आमच्या अंदाजाच्या दुपटीजवळ होती. उलट सौ. स्वतःवर फार खर्च करतात असे आम्ही कधीतरी बोललो होतो. वहीत त्यांच्या नावावर महिन्याभरात १८० रुपये होते. ते पान पाहून आम्ही त्यांची क्षमा मागितली.

४. दुसरा महिना : आकडे मांडावे

आता एका नमुन्याच्या कुटुंबाचे अंदाजपत्रक पाहू. नवरा-बायको, दोन मुले, भाड्याचे घर. नवऱ्याचा हाती येणारा पगार २१,००० रुपये आहे. बायको शिवणकाम करते. लग्नसराईत तिला आठ-नऊ हजार मिळतात, पावसाळ्यात पाच. येथे सरासरी धरू नये. गेल्या सहा महिन्यांतील सर्वांत कमी आकडा धरावा, म्हणजे ५,००० रुपये. एकूण जमा २६,००० रुपये झाली. अधिक आले तर आनंदच आहे, पण न आलेला पैसा आधीच वाटून टाकू नये.

खर्चाची मांडणी अशी :

देवाचे अर्पण व गरिबांसाठी – २,६०० रुपये
अडीअडचणीची शिल्लक – १,५०० रुपये
घरभाडे – ६,००० रुपये
किराणा, दूध, भाजी – ८,००० रुपये
वीज, पाणी, गॅस, मोबाईल – २,२०० रुपये
मुलांचे शिक्षण – २,८०० रुपये
प्रवास व पेट्रोल – १,४०० रुपये
औषधपाणी – ५०० रुपये
नाताळ, कपडे, आहेर – १,००० रुपये
एकूण – २६,००० रुपये

या यादीत तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, क्रम. अर्पण आणि शिल्लक ही वर आहेत, खाली नाहीत. 'महिनाअखेर उरेल ते टाकू' असे म्हणणाऱ्याचे काही उरत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. पौलाने करिंथकरांस जी रीत घालून दिली (१ करिंथ १६:२), तीही आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवण्याची आहे.

दुसरी, वर्षातून एकदा येणारे खर्च. शाळेची फी, विम्याचा हप्ता, नाताळचे कपडे यांना आपण अचानक आलेले खर्च म्हणतो. परंतु नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो! अशा खर्चांची वर्षाची बेरीज करून तिला बाराने भागावे. दोन मुलांचा शाळेचा खर्च वर्षाला ३३,६०० रुपये असेल तर महिन्याला २,८०० रुपये बाजूला पडले पाहिजेत. आमचा जून महिना येथेच चुकला होता.

तिसरी, बेरीज. जमा आणि खर्च यांचे आकडे जुळले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक रुपयाला काम मिळाले पाहिजे. ज्या रुपयाला काम नेमून दिलेले नसते, तो कोठे जातो ते कळत नाही.

५. पाकिटे

आकडे कागदावर राहिले तर उपयोग नाही. आपल्या आया डाळीच्या डब्यात, गव्हाच्या कोठीत, साड्यांच्या घडीत वेगवेगळे पैसे ठेवीत. आपण त्याला हसत असू, पण ते एक प्रकारचे अंदाजपत्रकच होते. तीच रीत थोडी सुधारून घ्यावी.

पगाराच्या दिवशी पाच-सहा पाकिटे घ्यावीत आणि त्यांवर नावे लिहावीत : किराणा, भाजी-दूध, प्रवास, औषध, अर्पण इत्यादी. ठरलेली रक्कम त्यांत घालावी. एखादे पाकीट वीस तारखेला रिकामे झाले तर दुसऱ्यातून घेता येईल, पण घेतले की दोन्ही पाकिटांवर लिहावे आणि घरात सांगावे. न लिहिता घेणे, येथेच आमची वाट चुकली होती.

ज्यांचा सर्व व्यवहार मोबाईलवर चालतो, त्यांनी बँकेत दोन खाती ठेवावीत. पगार एका खात्यात यावा. रोजच्या खर्चाची रक्कम दुसऱ्यात वळवावी आणि मोबाईल त्या दुसऱ्या खात्यालाच जोडावा. हेच आपले दोन बटवे. पहिल्या बटव्यात भाडे, फी, शिल्लक, दुसऱ्यात बाजारहाट. दुसरा रिकामा झाला की हात आपोआप थांबतो.

पोह्यांचे काय झाले, असे कोणी विचारील. ते आम्ही बंद केले नाहीत. त्यांच्यासाठी ४०० रुपये ठरविले. ज्या अंदाजपत्रकात थोडाही आनंद नसतो ते तीन महिने टिकत नाही, असे आमचे मत आहे.

६. अडीअडचणीची शिल्लक

इंदूर हे एके काळी कापडगिरण्यांचे शहर होते. गिरण्यांच्या आसपासच्या वस्त्यांत पुष्कळ मराठी कुटुंबेही राहत. यांपैकी हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि हजारो कामगारांची मजुरी एकाएकी थांबली. त्यांची देणी कोर्टकचेऱ्यांत अडकली. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे नाताळच्याच दिवशी, सुमारे ४,८०० कामगारांसाठी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्त झाला. मध्ये बत्तीस वर्षे गेली. वाट पाहता पाहता कित्येक जण वारले आणि हक्क त्यांच्या वारसांकडे गेला.

या कामगारांचा काही दोष नव्हता. घरातली लहानशी शिल्लक त्यांना बत्तीस वर्षे पुरली असती असेही आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे क्रूरपणाचे होईल. परंतु मजुरी कोणत्याही दिवशी थांबू शकते, हे या शहराने पाहिले आहे. अशा वेळी पहिले दोन-तीन महिने हाती काही असेल तर माणूस सावकाराच्या दारी न जाता दुसरे काम शोधू शकतो. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवविला. आपणांस पाचवा हिस्सा जमणार नाही, पण सुकाळात ठेवावे हे तत्त्व तेच आहे.

वरील नमुन्याच्या कुटुंबाचा अगदी आवश्यक खर्च महिन्याला सुमारे २०,००० रुपये आहे. दरमहा १,५०० रुपये टाकल्यास एका महिन्याची शिल्लक चौदा महिन्यांत होते; तीन महिन्यांची व्हायला तीन वर्षे चार महिने लागतात. हा काळ मोठा वाटतो, पण न टाकताही तो जाणारच आहे. लग्नसराईत आलेला जादा पैसा यात घातला तर तो कमी होतो.

ही रक्कम घरात ठेवू नये. टपाल खात्याची बचत बँक १८८२ पासून चालू आहे. तेथे दरमहा १०० रुपयांपासून आवर्त ठेव काढता येते. बँकेत ठेवल्यास एका बँकेतील एका माणसाच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. नोंदणीकृत सहकारी बँकांनाही ते लागू असते, मात्र पतसंस्थांना ते नसते. सहा महिन्यांत दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यास, तो आपल्याच मंडळीतील असला तरी, नम्रपणे नकार द्यावा.

७. कर्जाचे गणित

कर्जावर आम्ही लांब उपदेश करीत नाही, फक्त गणित मांडतो. एखाद्याने खासगी सावकाराकडून १०,००० रुपये 'शेकडा पाच'ने घेतले. पाच हा आकडा लहान वाटतो, पण तो महिन्याचा आहे. महिन्याला ५०० रुपये, वर्षाला ६,००० रुपये व्याज झाले, आणि मुद्दल दहा हजार जसेच्या तसे उभे! क्रेडिट कार्डाची थकबाकीही महिन्याला साधारणपणे शेकडा साडेतीनच्या आसपास दराने वाढते. वर्षाचा हिशेब ज्याने त्याने करावा.

म्हणून ज्यांच्यावर असे कर्ज आहे, त्यांनी सर्व देणी एका पानावर लिहावीत : कोणाचे, किती, दर काय. ज्याचा दर सर्वांत जास्त ते आधी फेडावे. ते पान नवरा-बायको दोघांनीही पाहिलेले असावे. लपविलेले कर्ज व्याजापेक्षाही अधिक काही खाते.

८. जेथे बेरीज जुळतच नाही

आता एक कठीण गोष्ट. मंडळीत अशी घरे आहेत जेथे महिन्याला बारा हजार येतात आणि पाच माणसे खातात. तेथे कितीही पाकिटे केली तरी बेरीज जुळत नाही. अशा घराला 'तुम्ही अंदाजपत्रक करीत नाही म्हणून तुमची ही स्थिती' असे सांगणे खोटे आहे, आणि पापही आहे. अंदाजपत्रक पैसा निर्माण करीत नाही.

तरीही वहीचा अशा घराला एक उपयोग होतो. कोठे किती कमी पडते ते तिच्यात स्पष्ट दिसते. 'भागत नाही' म्हणण्यापेक्षा 'दरमहा फीचे १,४०० रुपये कमी पडतात' म्हटले की मार्ग शोधता येतो. शाळेत सवलतीचा अर्ज करता येतो, शिधापत्रिकेचे काम करून घेता येते, मंडळीच्या साहाय्य निधीकडे लाज न बाळगता जाता येते. अर्पणाविषयीही एक शब्द. आपल्याजवळ जे आहे त्यातून दिलेले देवाला मान्य होते, जे नाही त्यातून नव्हे, अशी पौलाची शिकवण आहे (२ करिंथ ८:१२). कर्ज काढून दशांश द्यावा असे शास्त्र कोठे शिकवीत नाही. पंचकमिटीनेही हे लक्षात ठेवावे.

९. महिनाअखेरची बैठक

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, उपासनेहून आल्यावर, घरातील सर्वांनी अर्धा तास वही घेऊन बसावे. तीन प्रश्न विचारावेत. ठरविले काय आणि झाले काय? कोठे चुकले? पुढच्या महिन्यात काय बदलावे? मोठ्या मुलांना बैठकीत घ्यावे. आमच्या मुलाने नवीन बुटांचा हट्ट धरला होता. त्याच्यापुढे वही ठेवली तेव्हा त्याने स्वतःच ते दोन महिने पुढे ढकलले. नुसते 'पैसे नाहीत' म्हटले असते तर तो रुसला असता.

अंदाजपत्रक पहिल्या महिन्यात चुकेल, दुसऱ्यातही चुकेल. आमचे चौथ्या महिन्यात कोठे जुळू लागले. चुकले म्हणून वही टाकू नये.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

वर्गातील मुलांना प्रत्येकी तीन पाकिटे करावयास सांगावीत : देणे, ठेवणे, खर्चणे. खाऊला मिळालेले पैसे महिनाभर त्यांत विभागून आणण्यास सांगावे. कोणी किती ठेवले हे वर्गात विचारू नये, नाहीतर गरीब मुलाला लाज वाटेल. वेगळे ठेवले की नाही एवढेच विचारावे.

चर्चेसाठी प्रश्न :
(१) चिंता करणे आणि आधीच अंदाज घेणे यांत काय फरक आहे?
(२) आपल्या घरात दुसऱ्याचा असा कोणता पैसा आहे? तो वेगळा आहे काय?
(३) वर्षातून एकदा येणारे आपल्या घरचे खर्च कोणते? त्यांना बाराने भागल्यास किती होतात?
(४) पौलाने वर्गणीचा पैसा नेताना सोबती का घेतले? आपल्या मंडळीत तसे होते काय?

समारोप

आमच्या शब्बाथशाळेचा पैसा आता कोणाच्याही घरी राहत नाही. रविवारी दोघे मिळून मोजतात, दोघेही सही करतात आणि सोमवारी तो बँकेत जातो. ही सूचना आम्हीच कमिटीपुढे मांडली होती. मांडताना कारणही सांगितले.

पत्र्याचा तो डबा अजून आमच्या कपाटात आहे. त्यात आता पाकिटे असतात. सौ.च्या भिशीचे ३,४४० रुपये आम्ही सात महिन्यांत परत केले. पाकिटावर त्यांचेच नाव लिहिले होते. मधूनमधून त्या डबा उघडून विचारतात, "अहो, यातले कोणाचे किती?" आता आम्हांला सांगता येते.

वाचकहो, येत्या एक तारखेची वाट पाहू नये. आज रात्री एक वही घ्यावी, वर तारीख घालावी आणि आजच्या दिवसाचा खर्च लिहावा. आरंभ तेवढाच आहे.